अनुबोधपट आणि तापत चाललेली हवा
(लेखक : एक निवृत्त महसूल कारकून, जिल्हा परभणी)

‘दृष्टीआड सृष्टि’ अशी आपल्यांत एक जुनी म्हण आहे. जें डोळ्यांसमोर नाहीं तें जणूं जगांतच नाहीं, असें समजून मनुष्य वागतो, हा तिचा भावार्थ. शेतकऱ्याचा तर सारा व्यवहारच डोळ्यांवर चालतो. आभाळ पाहून तो तिफण काढतो, पानाचा रंग पाहून खताचा हात सैल करितो, आणि बैलाची चाल पाहून त्याचें दुखणें ओळखतो. परंतु अलीकडे आपल्या शिवारांत एक असें संकट शिरलें आहे कीं, तें कोणत्याहि एका दिवशीं डोळ्यांनीं दिसत नाहीं. तें म्हणजे सर्व पृथ्वीची हवा हळूहळू तापत जाणें. हें संकट लोकांच्या दृष्टीस कसें आणावें, आणि त्या कामीं चलच्चित्राचा, विशेषतः ज्यास अनुबोधपट किंवा माहितीपट म्हणतात त्याचा, उपयोग किती होतो व कोठें होत नाहीं, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

आंकडा आणि डोळा

माझें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. सरकारी वहींत सर्व कांहीं लिहिलेलें असतें. २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला तर त्या महसूल मंडळांत अतिवृष्टि समजावी; गांवची पैसेवारी ५० पैशांच्या खालीं आली तर टंचाईचा विचार व्हावा; पिकाची हानि ३३ टक्के किंवा अधिक असेल तर ती मदतीस पात्र धरावी (२०१५ पूर्वीं हीच मर्यादा ५० टक्के होती). हीं कलमें मला मुखोद्गत आहेत. पर्जन्यमापकाचे आंकडे उतरविण्यांत आणि पंचनामे नकलण्यांत माझीं वर्षें गेलीं. परंतु त्या वह्या पाहून एखाद्या शेतकऱ्यानें आपला पेरा बदलला, असें माझ्या पाहण्यांत नाहीं. दुसऱ्याची गोष्ट कशाला, माझीच सांगतों.

एका वर्षीं जूनच्या पहिल्या पंधरवड्यांत दोन चांगल्या सरी आल्या. मातीचा वास सुटला, शेजाऱ्यांच्या तिफणी निघाल्या, आणि मींहि आमच्या वडिलोपार्जित सहा एकरांत सोयाबीन पेरलें. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनींत पुरती ओल गेल्याखेरीज पेरणी करूं नये, ही शिफारस मीं स्वतः कितीदां तरी नकलून काढली होती. आमच्या मंडळाचा आंकडाहि मला ठाऊक होता. तो चाळिसाच्या आंत होता. तरी मीं पेरलें, कारण आंकडा कागदावर होता आणि शेजाऱ्याची तिफण डोळ्यांसमोर होती. पुढें अठरा दिवस आभाळ कोरडें राहिलें. उगवलेलें रोप माना टाकून करपलें. दुबार पेरणीचें बियाणें उसनवारीनें आणावें लागलें. आणि तेंच पीक काढणीस आलें असतां सलग तीन दिवसांच्या पावसानें उभ्या झाडावर शेंगांना कोंब फुटले.

त्या नुकसानीपेक्षां एका गोष्टीची लाज मला अधिक वाटली. ज्याच्या हातीं आंकडा होता त्यानेंच तो मानला नाहीं. मग जो आंकडा कधीं पाहतहि नाहीं त्यानें तो मानावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी? तेव्हांपासून मी या प्रश्नाचा विचार करूं लागलों कीं, खरी गोष्ट मनास पटण्यास तिला कोणतें रूप द्यावें लागतें.

हवा तापते म्हणजे काय होतें

मूळ विषय थोडक्यांत समजून घेऊं. दिवसा जमीन सूर्याचा ताप घेते आणि तो ताप पुन्हां आकाशांत सोडते. हवेंतील कांहीं वायु या जाणाऱ्या तापास अडवून धरितात, जशी थंडींत गोधडी अंगाची ऊब धरून ठेवते. त्यांत कर्बद्विप्राणिद वायु, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, हा मुख्य. ही गोधडी मुळींच नसती तर पृथ्वी गोठून गेली असती; परंतु ती प्रमाणाबाहेर जाड झाली कीं जीव गुदमरूं लागतो. दगडी कोळसा, पेट्रोल, डिझेल यांचें ज्वलन आणि जंगलांची तोड यांमुळें ती जाड होत आहे. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लाख भागांत हा वायु सुमारें २८० भाग होता. आज तो ४२० भागांच्या वर गेला आहे. हवाई बेटांतील मौना लोआ या पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनीं १९५८ सालीं याची नित्य मोजणी सुरू केली. त्या नोंदींतील रेषा तेव्हांपासून वरवरच चढत आली आहे. जागतिक हवामान संघटनेच्या हिशोबाप्रमाणें २०२४ हें वर्ष मोजमाप सुरू झाल्यापासूनचें सर्वांत उष्ण वर्ष ठरलें. त्या वर्षींचें सरासरी तापमान १८५० ते १९०० या काळाहून सुमारें दीड अंशानें अधिक होतें.

दीड अंश ऐकून वाचक हंसतील. परभणीस वैशाखांत पारा ४२-४३ वर जातो, तेथें दीड अंशाची काय मातबरी? परंतु ज्वर जोखतांना आपण असें म्हणत नाहीं. अंगाचा ताप दोन अंश वाढला तर मनुष्य अंथरूण धरतो. पृथ्वीचेंहि तसेंच आहे. हवा एक अंशानें तापली कीं ती सुमारें सात टक्के अधिक वाफ पोटांत धरूं शकते. ती जमिनीची ओल अधिक शोषून घेते, आणि सोडते तेव्हां एकदम सोडते. पुणें येथील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं असें दाखवून दिलें कीं, १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारतांत विस्तृत प्रदेशावर एकाच वेळीं कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीनें वाढले. म्हणजे वर्षाच्या पावसाची बेरीज फारशी न बदलतां त्याची वांटणी बिघडते. तीन आठवडे उघाड आणि तीन दिवसांत पूर, असें जें आपण अनुभवतों, त्याचें एक मोठें कारण हें आहे. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट, २०१६ सालीं लातुरास आगगाडीनें न्यावें लागलेलें पाणी, आणि सप्टेंबर २०२५ मध्यें मराठवाड्यांत पाण्याखालीं गेलेलीं पिकें हीं सर्व एका बारा वर्षांच्या आंतलीं. यांतील प्रत्येक प्रसंग केवळ तापलेल्या हवेमुळेंच घडला असें म्हणणें शास्त्रास धरून होणार नाहीं. परंतु अशा प्रसंगांची शक्यता हवा वाढविते, एवढें निश्चित.

फाळके यांचा वाटाणा

आतां चित्रपटाकडे वळूं. पडद्यावर चित्र दाखवून लोकांस रंजविण्याची व शिकविण्याची हौस आपल्या महाराष्ट्रांत जुनी आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन हे चलच्चित्र हिंदुस्थानांत येण्यापूर्वींच ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें जादूच्या कंदिलाचे खेळ करीत असत. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें प्रथम दाखविलीं गेलीं. आणि ३ मे १९१३ रोजीं दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला, हें सर्वांस ठाऊकच आहे.

परंतु ‘राजा हरिश्चंद्रा’च्या आधीं फाळके यांनीं एक लहान फीत तयार केली होती, तिची माहिती पुष्कळांस नसते. १९१२ सालीं विलायतेहून परतल्यावर त्यांनीं एका कुंडींत वाटाणा पेरला आणि कॅमेरा तिच्यासमोर ठेवून दररोज थोडथोडें चित्र घेतलें. ती फीत पडद्यावर लावतांच बी फुटून अंकुर वर येतो, पानें उघडतात, वेल चढते, हें सर्व मिनिट-दीड मिनिटांत डोळ्यांसमोर घडूं लागे. ‘अंकुराची वाढ’ या नांवानें ती ओळखली जाते. ती पाहूनच एका परिचित व्यापाऱ्यास या धंद्यांत भांडवल घालण्याचें धैर्य झालें. म्हणजे आपल्या देशांतील चित्रपटाच्या धंद्याचें बीज एका वाटाण्यांत आहे.

शेतकऱ्यानें या गोष्टीचा मुद्दाम विचार करावा. अंकुर वाढतो हें कोणास ठाऊक नाहीं? परंतु वाढतांना तो कोणींहि पाहिलेला नसतो. काल बोटभर होता, आज चार बोटें झाला, एवढेंच आपण जाणतों. जी गोष्ट अतिशय सावकाश घडते ती डोळ्यांस स्थिर भासते; कॅमेरा तिचे दिवस आवळून मिनिटें करितो आणि मग ती डोळ्यांस दिसते. अनुबोधपटाची मुख्य शक्ति हीच आहे. हवा तापणें हीहि अंकुरासारखीच सावकाश घडणारी क्रिया आहे. फरक इतकाच कीं ती एका महिन्याची नसून पन्नास-शंभर वर्षांची आहे.

परदेशांतील दोन चित्रपट

हीच युक्ति शंभर वर्षांनीं अमेरिकेंतील जेम्स बॅलॉग नांवाच्या छायाचित्रकारानें योजिली. २००७ सालापासून त्यानें ग्रीनलंड, आइसलंड, अलास्का इत्यादि ठिकाणीं हिमनद्यांसमोर कॅमेरे रोवून ठेवले. ते कॅमेरे ठराविक वेळानें आपोआप चित्र घेत. तीं हजारों चित्रें एकापुढें एक लावतांच कोसच्या कोस बर्फ मागें सरकत जातांना दिसूं लागलें. ग्रीनलंडमधील इलुलिसाट येथें हिमनदीचा एक प्रचंड भाग सुमारें सव्वा तास तुटून समुद्रांत कोसळत असतांना त्याच्या सहकाऱ्यांनीं टिपला. हें सर्व ‘चेसिंग आइस’ या २०१२ सालच्या चित्रपटांत आहे. त्याचा दिग्दर्शक जेफ ऑर्लोव्स्की.

दुसरा चित्रपट याहून अधिक प्रसिद्ध. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांचें एक व्याख्यान घेऊन २००६ सालीं डेव्हिस गुगेनहाइम यांनीं ‘अ‍ॅन इन्कन्व्हिनियंट ट्रूथ’, म्हणजे ‘गैरसोयीचें सत्य’, हा चित्रपट तयार केला. वस्तुतः त्यांत नाटक नाहीं, गाणें नाहीं. एक मनुष्य आंकडे व आलेख दाखवून बोलत आहे, इतकेंच. परंतु कर्बवायूची रेषा पुढें किती चढणार हें दाखविण्यास ते एका उचलणाऱ्या यंत्रावर उभे राहून वर जातात, तेव्हां पाहणाऱ्याची मानच वर होते. जो आंकडा वहींत मुका होता तो येथें उंचीनें बोलला. या चित्रपटास २००७ सालीं ऑस्कर पारितोषिक मिळालें, आणि त्याच वर्षीं गोर व हवामान बदलावरील आंतरसरकारी समिति यांस मिळून शांततेचें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. त्या समितीचे अध्यक्ष तेव्हां आपल्या देशाचे राजेंद्र पचौरी हे होते.

आपल्या मुलुखांतील उदाहरणें

येथें कोणी विचारील कीं, ग्रीनलंडचें बर्फ आणि परभणीची तूर यांचा संबंध काय? प्रश्न योग्य आहे. दूरचें दुःख पाहून मनुष्य हळहळतो, आणि घरीं जाऊन जेवतो. म्हणून ज्या चित्रपटांत आपली माणसें व आपली बोली आहे त्यांचें महत्त्व अधिक.

२०२३ सालीं सर्वनिक कौर यांनीं ‘अगेन्स्ट द टाइड’ नांवाचा अनुबोधपट केला. तो मुंबईच्या दोन कोळी मित्रांचा आहे. एक वडिलांची होडी घेऊन किनाऱ्याजवळ जुन्या पद्धतीनें मासेमारी करितो; दुसरा विलायतेंत शिकून आलेला, खोल समुद्रांत आधुनिक साधनें घेऊन जातो. समुद्र तापला आहे, घाण झाला आहे, मासळी हटली आहे. आणि दोघेहि आपापल्या मार्गानें कर्जांत बुडत आहेत. अमेरिकेंतील सनडान्स महोत्सवांत त्यास परीक्षकांचें विशेष पारितोषिक मिळालें. त्यांत हवामानावर व्याख्यान असें नाहीं. चूल, जाळें, आजारी मूल, सावकारी आणि मैत्री एवढेंच आहे. परंतु पाहणारा शेतकरी असेल तर होडीच्या जागीं त्यास आपली विहीर दिसेल. जुन्या वाटेनें जावें तर पोट भरत नाहीं, आणि नव्या वाटेनें जावें तर कर्ज फिटत नाहीं, ही अडचण कोळ्याची तशी कुणब्याची.

दुसरें उदाहरण अधिक व्यावहारिक. २०१२ सालीं सुरू झालेल्या ‘सत्यमेव जयते’ या दूरचित्रवाणीवरील मालिकेंत एक भाग पाण्यावर होता. त्याच मंडळींनीं, म्हणजे आमिर खान, किरण राव, सत्यजित भटकळ वगैरेंनीं, २०१६ सालीं पाणी फाउंडेशन स्थापन करून गांवोगांवीं जलसंधारणाची स्पर्धा लावली. पहिल्या वर्षीं वरुड, अंबाजोगाई व कोरेगांव हे तीनच तालुके होते. कोरेगांव तालुक्यांतील वेळू गांवानें पहिलें बक्षीस मिळविलें. पुढें २०१८ सालीं तालुक्यांची संख्या ७५ झाली. या कार्यांत फितींचा उपयोग केवळ जागृतीसाठीं नव्हता. उताराची पातळी कशी काढावी, चर कोठें खणावा, माती कोणत्या बाजूस टाकावी, हें सर्व चित्रांनीं शिकविलें जाई, आणि शिकलेलीं माणसें परत आपल्या गांवीं जाऊन श्रमदान उभें करीत. पाहणें आणि करणें यांमध्यें येथें अंतर ठेविलेलें नव्हतें, हें यशाचें मर्म. अर्थात् चरांत मुरलेलें पाणी पुढें कूपनलिकांनीं उपसून उसास घातलें तर काय, हा जाणकारांनीं घेतलेला आक्षेपहि खरा आहे. पाणी अडविण्याची फीत जितकी आनंदानें पाहिली जाते, तितकी पाणी मोजून वापरण्याची पाहिली जात नाहीं.

तिसरें उदाहरण शेजारच्या कर्नाटकाचें. २००६ सालीं बंगळूर येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधनशाळेंत रिकिन गांधी व त्यांचे सहकारी यांनीं ‘डिजिटल ग्रीन’ नांवाचा प्रयोग आरंभिला. गांवांतीलच शेतकऱ्यांस कॅमेऱ्यापुढें उभें करून त्यांच्याच शेतांतील सुधारणा चित्रित करावयाची, आणि ती फीत शेजारच्या गांवीं लहान समूहांत दाखवून मधून मधून थांबवून चर्चा करावयाची. नेहमींच्या शेतकी प्रचाराशीं तुलना करितां, खर्चाच्या मानानें हा मार्ग सुमारें दहापट फलदायी आढळला. त्यांत एक मौजेची गोष्ट दिसून आली. फीत पाहतांच शेतकऱ्यांचा पहिला प्रश्न असे तो पिकाविषयीं नव्हे, तर हा मनुष्य कोण आणि कोणत्या गांवचा, असा.

याचा अनुभव मला स्वतःस आहे. वर सांगितलेल्या माझ्या फजितीच्या वर्षीं हिवाळ्यांत माझ्या पुतण्यानें मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर एक लहान फीत दाखविली. रुंद वरंबा-सरी पद्धतीनें पेरलेलें सोयाबीन आणि सपाट पेरलेलें सोयाबीन, बांधाला बांध लागून. मोठा पाऊस आला तेव्हां सपाट रानांत पाणी तुंबलें, आणि दुसऱ्या रानांत तें सरींतून वाहून गेलें; उघाड पडली तेव्हां त्याच सरींतील ओलीवर पीक तग धरून राहिलें. या पद्धतीचा पुरस्कार आमच्या परभणीचें वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठ कित्येक वर्षें करीत आलें आहे, आणि त्याचीं पत्रकें मीं स्वतः पाहिलेलीं होतीं. परंतु त्या रात्रीं एक वृद्ध गृहस्थ पुढें सरकून बसले आणि म्हणाले, “हें रान कोणाचें? माती तर आपल्यासारखीच काळी दिसते.” पुतण्यानें पलीकडच्या गांवाचें नांव सांगतांच सभेंत कुजबूज झाली. दुसऱ्या दिवशीं चौघेजण मोटारसायकलवरून तें रान पाहून आले. पुढच्या हंगामांत आमच्या गांवीं सात जणांनीं वरंबे पाडले; त्यांत मी एक होतों.

चित्रपटाच्या मर्यादा

चित्रपटाची स्तुति येथवर केली. आतां दुसरी बाजू सांगणें कर्तव्य आहे.

पहिली मर्यादा अशी कीं, पडद्यावरचा परिणाम लवकर ओसरतो. गोर यांच्या चित्रपटाविषयीं अमेरिकेंत झालेला एक अभ्यास २०१० सालीं प्रसिद्ध झाला. चित्रपट पाहून निघालेल्या लोकांचें ज्ञान वाढलें होतें, काळजी वाढली होती, कांहीं करण्याची इच्छाहि वाढली होती. परंतु महिन्याभरानंतर पाहतां ती इच्छा कृतींत उतरलेली दिसली नाहीं. कीर्तन ऐकून डोळे पुसावे आणि दाराबाहेर येतांच पुन्हां मागचाच व्यवहार करावा, तशांतला हा प्रकार.

दुसरी मर्यादा सत्याची. त्याच चित्रपटाविरुद्ध २००७ सालीं इंग्लंडच्या न्यायालयांत तक्रार गेली. न्यायाधीशांनीं चित्रपटाचा मुख्य सिद्धांत शास्त्रास धरून आहे असें मानलें, परंतु नऊ ठिकाणीं तो प्रचलित शास्त्रीय मताच्या पुढें गेला आहे असें सांगून, शाळेंत दाखवितांना शिक्षकांनीं तसा खुलासा करावा असें ठरविलें. खरी गोष्टहि फुगवून सांगितली तर विरोधकाच्या हातीं काठी मिळते, हा यांतील धडा. हल्लीं तर खिशांतल्या मोबाईलवर कोठला पूर कोठें दाखवितात याचा नेम नाहीं. ज्या फितीवर गांव नाहीं व तारीख नाहीं, ती म्हणजे सहीशिक्क्यावांचून आलेला कागद समजावा.

तिसरी मर्यादा भीतीची. नुसता प्रलय दाखवून उपाय न दाखविला तर शेतकरी सुधारत नाहीं, खचतो. आधींच कर्ज आणि बाजारभाव यांनीं वांकलेल्या माणसास ‘सर्व बुडणार’ असें ऐकविण्यांत कोणतें पुण्य आहे?

चौथी गोष्ट न्यायाची. हवेंतील वाढलेल्या वायूचा मोठा हिस्सा श्रीमंत देशांनीं दीडशें-दोनशें वर्षांत सोडलेला आहे. त्यांत कोरडवाहू कुणब्याचा वांटा नगण्य. परंतु म्हणून आपला कांहींच संबंध नाहीं असेंहि म्हणतां येत नाहीं. पऱ्हाट्या व पाचट पेटविणें, नत्रखत गरजेहून अधिक टाकणें, बांधावरचीं बाभळी-निंबाचीं झाडें तोडणें, हीं कामें आपल्याच हातून घडतात, आणि त्यांत प्रथम तोटा आपल्या जमिनीचा आहे.

आणि एक. सक्तीनें दाखविलेली फीत लोक पाहत नाहींत. १९४८ सालीं स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे वार्तापट व अनुबोधपट चित्रगृहांत मुख्य खेळापूर्वीं लावीत. त्यांतील पुष्कळ उत्तम होते. परंतु जिल्ह्याच्या गांवीं तेवढा वेळ लोक बाहेर चहा-बिडीसाठीं उभे असत, हें मीं लहानपणीं पाहिलें आहे.

आपण काय करावें

यावरून आपल्या मंडळाच्या सभासदांपुढें पुढील सूचना ठेवतों.

(१) फीत दाखविण्याचा काळ चैत्र-वैशाख हा असावा. रबीचें रान मोकळें झालेलें असतें आणि पेरणीचा निर्णय अजून व्हावयाचा असतो. जूनमध्यें दाखविलेली फीत उशिराची असते. परभणीच्या कृषि विद्यापीठांत १८ मे या स्थापनादिवशीं खरिपाचा मेळावा भरत असतो. तेथें जाणाऱ्या सभासदांनीं आपल्या जमिनीस लागू पडतील अशा फितींची मागणी करावी आणि त्या गांवीं आणाव्या.

(२) एका संध्याकाळीं अर्ध्या तासाहून अधिक दाखवूं नये. प्रथम थोडें जगाचें, मग पुष्कळसें जवळचें, असा क्रम असावा. मध्यें दोन वेळां थांबवून लोकांस बोलूं द्यावें. बायकांची बैठक सोयीची असावी, कारण बियाणें राखणें, निंदणी आणि पाणी भरणें हीं कामें त्यांच्याकडे आहेत व हवेचा फटका प्रथम त्यांसच बसतो.

(३) सभा उठण्यापूर्वीं एकच काम ठरवावें, दहा नव्हेत. उदाहरणार्थ, ‘मंडळाच्या पर्जन्यमापकावर ७५ मिलिमीटर भरल्याशिवाय यंदां कोणीं पेरूं नये’, किंवा ‘दर घरामागें एक एकर तरी रुंद वरंब्यावर पेरावें’. महिन्याभरानें पुन्हां बसून कोणीं केलें व कोणीं नाहीं तें विचारावें.

(४) सर्वांत महत्त्वाची सूचना ही. आपण नुसते प्रेक्षक राहूं नये. आपल्या गांवचा ऋतुपट आपणच करावा. त्यास खर्च नाहीं. गांवांतील एका होतकरू मुलाकडे मोबाईल असतोच. ओढा, सार्वजनिक विहीर, एक कापसाचें रान आणि एक तुरीचें रान अशीं चार ठिकाणें ठरवावीं, तेथें एकेक दगड रोवावा, आणि त्या दगडावर उभें राहून दर पंधरवड्यास, त्याच तारखेस व त्याच वेळीं, एकेक चित्र घ्यावें. चित्राबरोबर वहींत तारीख, पाऊस, विहिरीचें पाणी किती हात, पेरणी-फुलोरा-काढणीचा दिवस, हें लिहावें. वर्षाच्या शेवटीं प्रत्येक ठिकाणचीं चोवीस चित्रें ओळीनें लावून देवळाच्या भिंतीवर दाखवावीं. पांच वर्षांनीं पांच वर्षें एकामागून एक दाखवावीं. फाळके यांनीं एका कुंडीसमोर जें केलें तें आपण शिवारासमोर करावयाचें आहे.

असा ऋतुपट जवळ असला तर आणखी एक फायदा होईल, तो माझ्या जुन्या धंद्यावरून सांगतों. नुकसानीचा पंचनामा होतो तेव्हां पीक आधीं कसें होतें याविषयीं तंटा पडतो; विम्याच्या प्रकरणींहि तसेंच. तारीखवार चित्र आणि त्यासोबतची नोंद हातीं असेल तर शेतकऱ्याच्या शब्दास वजन येतें. मदत मिळेलच असें मी म्हणत नाहीं. परंतु ‘पुरावा नाहीं’ हें उत्तर ऐकून परत यावें लागणार नाहीं.

शेवटीं एवढेंच. ज्या वह्या मीं तीस वर्षें लिहिल्या त्या खोट्या नव्हत्या. त्यांत पाऊस होता, उघाड होती, पूर होता. फक्त त्यांकडे पाहणारे डोळे नव्हते, आणि माझेहि नव्हते. आंकड्यास डोळा मिळाला आणि डोळ्यास आंकड्याची साथ मिळाली तर आपला शेतकरी हवेच्या या पालटापुढें अगदींच असहाय राहणार नाहीं. येत्या चैत्रांत निदान आपल्या मंडळाच्या पांच गांवांनीं तरी चार दगड रोवून या कामास आरंभ करावा आणि पहिल्या वर्षाचा अनुभव याच मासिकांतून इतरांस कळवावा, अशी सर्व शेतकरी बंधु-भगिनींस नम्र विनंति आहे.